खिळ्यावरचं हँडल

इन्व्हर्टर घ्यावा की नको, यावर तुमची मघापासून चर्चा चाललीय, तर माझी एक फजिती ऐका आणि मग काय ते ठरवा. चहा गार झाला तरी चालेल, मी परत टाकते. अट एकच. आमचे हे आत झोपलेत, तेव्हा हसायचं तर तोंडावर पदर घेऊन हसा. इतकी वर्षं झाली, पण त्यांना अजून या गोष्टीचं हसू येत नाही.

माझं माहेर फलटणकडचं. आमच्याकडे पाणी म्हटलं की विहीर, नाहीतर कॅनॉल. लग्न होऊन इथे वसईला, गिरीजला आले आणि केळी-नारळाच्या वाडीत येऊन पडले. दार उघडलं की केळी, मागचं दार उघडलं की नारळ. घरात सासूबाई, मी आणि भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. आणि नवरा? नवरा बोटीवर.

बोट म्हणजे काही मोठी आगबोट नव्हे हं. किनाऱ्या-किनाऱ्याने समुद्राची खोली मोजत फिरणारी एक जुनी लाकडी लाँच होती, तिच्यावर हे इलेक्ट्रिशियन. अंगाची हळद उतरायच्या आत कामावर गेले. मग कधी रत्नागिरी, कधी गुजरात. त्यांचा फोन यायचा शेजारच्या मार्थाबाईंकडे, आणि मार्थाबाई फोनशेजारी खुर्ची घेऊन बसायच्या. त्यांच्या देखत मी काय बोलणार? ‘जेवलात का’ आणि ‘इकडे सगळे बरे आहेत’. परत घरी येताना वाडीच्या पायवाटेवर जे बोलायचं राहिलं ते सगळं मी केळींना सांगायचे. मला यांची फार आठवण यायची. सरळच सांगते, आता या वयात कसली लाज?

आता सासूबाईंचं एक खूळ सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावरच उभा आहे.

आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते हँडल मारून सुरू करायचं. वाकडं, लोखंडी, चांगलं हातभर लांब हँडल. कधीकाळी ते कुणीतरी उचलून नेलं आणि ऐन उन्हाळ्यात आमची केळी सुकली. तेव्हापासून सासूबाईंचा नियम झाला, की तिन्हीसांजेला हँडल घरात आलंच पाहिजे. आधी हँडल, मग देवापुढे दिवा. स्वयंपाकघराच्या दारामागे एक जाड खिळा होता, ती त्याची जागा. मी सून म्हणून आले आणि ते काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला विसरायचे. सासूबाई ओरडायच्या नाहीत. फक्त जेवायला वाढायच्या नाहीत, रिकाम्या खिळ्याकडे बघत बसायच्या. अशाने माणूस लवकर शिकतो. वर्षभरात माझ्या हाताला इतकी सवय लागली, की बाहेर अंधारायला लागलं की हात आपोआप हँडल शोधायला लागायचा. डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपलं काम करून मोकळा व्हायचा.

आणि एक दिवस मार्थाबाईंकडे फोन आला. हे म्हणाले, “आम्ही वसईच्या खाडीत येतोय.”

मी म्हटलं, “कुठल्या वसईच्या?”

“अगं, आपल्याच.”

मार्थाबाईंच्या देखत मला रडू आलं. त्यांनी खुर्ची सोडून मला बसायला दिली.

लाँच किल्ल्यामागच्या जेट्टीला लागली. आमच्या घरापासून रिक्षाने अगदी जवळ. मला वाटलं, आता रोज संध्याकाळी घरी येतील. कसलं काय! माणूस जेट्टीवर, मी वाडीत, आणि मधे त्यांची ती लाइट. शेवटी मीच रोज डबा घेऊन जायला लागले. एकदा जरा घुश्शातच विचारलं, “दिवसा काम असतं हे समजलं. संध्याकाळी काय असतं?”

तर मला खाली एका पेटीपाशी घेऊन गेले. पेटीवर एक मोठा खटका.

“हे बघ, लाँच जेट्टीला असली की समोरच्या बर्फाच्या शेडमधून केबल घ्यायची. समुद्रात असलो की आपला जनरेटर. खटका वर केला की किनाऱ्याची लाइट, खाली केला की जनरेटरची. मधे ठेवला की काहीच नाही.”

“आणि दोन्ही एकदम लावले तर?”

“तर मी पण नाही आणि लाँच पण नाही.”

“म्हणजे सासर-माहेरसारखंच की. एका वेळी एकीकडेच राहायचं.”

“मग मधे काय?”

“मधे एसटी.”

हे इतके हसले, की वरून माणूस डोकावून गेला. त्या एका हसण्यावर मी पुढचे कितीतरी महिने काढले, खोटं नाही सांगत.

पण खटका समजला म्हणजे सुटका झाली असं नव्हे. ओहोटी लागली की लाँच खाली जाणार, म्हणजे केबल सैल सोडायची. भरती आली की लाँच वर येणार, म्हणजे केबल आवरून घ्यायची. शिवाय लाँच जुनी, तळातून पाणी झिरपायचं. ते उपसायला पंप, आणि पंप लाइटवर. आणि वसईची त्या वेळची लाइट तर तुम्हाला आठवतेच. आली तर आली, गेली तर गेली. ती गेली की कुणीतरी लगेच हँडल मारून जनरेटर सुरू करायचा, खटका खाली ओढायचा. हे सगळं बघणारा माणूस म्हणजे माझा नवरा.

लाँचचे तांडेल, म्हणजे कप्तानच, होते इनासकाका. पाचूबंदरचे, पिकल्या मिशांचे, मनाने लोण्यासारखे पण कामाला कडक. मी रोज डबा घेऊन येते आणि रोज तोंड पाडून परत जाते हे ते बघत होते. लाँच दुसऱ्या दिवशी गुजरातकडे निघणार, त्या संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, “प्रमोद, आज घरी जा. म्हादू हाय ना, लाइट गेली तर तो हँडल मारील. पहाटे भरतीचं पानी भरलं की निघायचंय, त्याच्या आत ये म्हंजे झालं.”

म्हादू म्हणजे त्यांचा खलाशी, गुहागरकडचा. तो म्हणाला, “जावा बिनघोर.”

म्हणजे बघा, एक अख्खी संध्याकाळ. एक जेवण. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं आपल्या घरात, एका पंगतीला. सासूबाईंनी दुपारपासून वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, तळलेले बोंबील असा बेत धरला होता. मला म्हणाल्या, “तू जा त्याला आणायला. तेवढंच रस्त्यात बोलाल.” सासूबाई अशा होत्या, बरं का. कमी बोलायच्या, पण नेमकं बोलायच्या.

मी गेले. यांनी जनरेटर एकदा सुरू करून बघितला, चालतोय म्हणून बंद केला, आणि अंघोळीला गेले. मी पेटीपाशी बसून पिशवी आवरायला लागले. गेल्या काही दिवसांचे रिकामे डबे, यांचे मळके कपडे, दोन टॉवेल. मनात म्हणत होते, कुठला शर्ट घालतील? निळा घातला तर बरं. जेवताना मी वाढायचं की शेजारी बसायचं? बाहेर अंधारायला लागलं होतं. पिशवी भरली, खांद्याला लावली.

पुढे काय झालं ते तुमच्यातल्या हुशार बायकांना आत्ताच कळलं असेल. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

हे निळाच शर्ट घालून आले. “दे पिशवी,” म्हणाले. मी दिली नाही. इतक्या महिन्यांनी घरी येणाऱ्या माणसाकडे कोण मळक्या कपड्यांची पिशवी देतं? आम्ही जेट्टीवरून चालत रिक्षापर्यंत गेलो. यांनी माझा हात धरला. रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली, आणि लाइट गेली.

जेट्टी गेली, शेड गेली, लांबचे सगळे दिवे गेले. हे म्हणाले, “थांबा जरा. जनरेटरचा आवाज आला की निघू.”

आम्ही थांबलो. आवाज काही येईना. मग आवाज आला, पण तो म्हादूचा होता.

“प्रमोदशेठ, हँडल कुठं ठेवलंत?”

“पेटीवर.”

“पेटीवर नाय.”

यांनी माझा हात सोडला. तो हात सुटला ना, ते मला अजून जाणवतं.

मग काय विचारता! लाँचवर शोधाशोध सुरू. बॅटरी कुणी धरली? मी. पिशवी खांद्याला, बॅटरी हातात. “दोरखंडाखाली बघा. त्या डब्यामागे बघा. अहो, वाकून बघा ना नीट.” म्हादू बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता, की इथंच होतं. इनासकाका त्याच्यावर डोळे वटारत होते. म्हादूने चिखलात पडलं असेल म्हणून खाली उतरून गुडघाभर चिखल चाचपला. त्याला चिखलात दिसावं म्हणून मी बॅटरी धरली.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी भाषण दिलं. हो, भाषण. म्हटलं, “इतकी माणसं आहात, पण एका वस्तूला एक जागा नाही. आमच्या घरी या आणि बघा. तिन्हीसांजा झाल्या की हँडल घरात. काय बिशाद आहे उघड्यावर राहायची! सवय लागते काका, सवय लावून घ्यावी लागते.”

इनासकाका म्हणाले, “खरं हाय वैनी, तुझं खरं हाय.”

तोवर तळात पाणी चढायला लागलं. पंप बंद, तेव्हा बादल्या आल्या. मीही पदर खोचून रांगेत उभी राहिले. पिशवी ओल्यात कुठे ठेवू म्हणून खांद्यालाच ठेवली. बादली पुढे दिली की पिशवीतलं काहीतरी बरगडीला टोचायचं. डबा असेल म्हणून मी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग ते दुसऱ्या बरगडीला टोचायला लागलं.

शेवटी हे म्हणाले, “शैला, तू घरी जा. आई एकटी आहे. मला काही आता हलता येणार नाही.”

“लाइट आली की याल?”

“बघतो.”

‘बघतो’ म्हणजे काय ते बायकांना कळतं. मी रिक्षात बसून घरापर्यंत रडले. मनात त्या हँडल नेणाऱ्याला इतक्या शिव्या घातल्या, की माझ्या तोंडात अशा शिव्या आहेत हे मलाच नवं होतं. फलटणला शिकले होते, पण वापरायची वेळ आली नव्हती.

दारात सासूबाई कंदील घेऊन उभ्या. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी बघितलं आणि काही न विचारता आत वळल्या. मी स्वयंपाकघरात गेले. पिशवी उघडली, हात घातला, हँडल काढलं आणि दारामागच्या खिळ्याला लावायला गेले.

लागेना. खिळ्यावर आधीच एक हँडल होतं.

मी वेड्यासारखा दोन-तीनदा प्रयत्न केला. काढलं, परत लावलं, खालचं खणखणलं. सासूबाईंनी कंदील वर केला. माझ्या हातातलं हँडल बघितलं, खिळ्यावरचं बघितलं, आणि म्हणाल्या, “आपलं इंजिन एकच आहे गो.”

मी खालीच बसले. सासूबाई मात्र कामाला लागल्या. चपला घातल्या, बिरड्याचं पातेलं कापडात बांधलं, भाकऱ्या घेतल्या आणि म्हणाल्या, “ऊठ.”

आम्ही जेट्टीवर पोचलो आणि लाइट आली. म्हणजे त्या हँडलची गरजसुद्धा उरली नव्हती. झगझगीत उजेडात मी लाँचवर उभी, हातात हँडल. म्हादू पायापासून कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. सासूबाईच पुढे झाल्या. “इनास, पोरीला ही सवय मी लावली. बोलायचं तर मला बोल.”

इनासकाकांनी मिशीवरून हात फिरवला. “बोलू काय आनि कुनाला बोलू? मघाशी हिनंच मला सवयीचं सांगितलं.”

पण पाणी बरंच चढलं होतं, पंपावर लक्ष ठेवायला हवं होतं, म्हणून यांची सुट्टी गेली ती गेलीच. जेट्टीच्या कठड्यावर बसून घाईघाईने जेवले. मधे सासूबाई, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. मनातून मी हजारदा यांच्या शेजारी जाऊन बसले, पण तिथल्या तिथेच. जेवता जेवता यांनी एवढंच विचारलं, “बिरडं तू केलंस?”

“आईंनी. मी फक्त वाल सोलले.”

“चांगले सोललेत,” म्हणाले.

पहाटे लाँच गेली.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. तिन्हीसांजेला हँडल आणायला गेले की विहिरीपाशीच उभी राहायचे. त्यांच्या लाँचवर आता कुठला दिवा लागला असेल? किनाऱ्याचा की जनरेटरचा? किनाऱ्याचा असेल तर निदान पाय जमिनीजवळ आहेत, असं उगाच वाटायचं. फोन आला की मार्थाबाई असायच्याच. पण आम्हाला आता एक युक्ती सापडली होती. हे विचारायचे, “हँडल जागेवर आहे ना?” मी म्हणायचे, “आहे.” मार्थाबाईंना वाटायचं, काय हा माणूस, बायको सोडून इंजिनाची चौकशी करतो. मला मात्र त्या एका ‘आहे’मध्ये सगळं बोलून झाल्यासारखं वाटायचं.

पावसाळा उलटला आणि लाँच परत वसईला आली. पण आता इनासकाकांनी नियम केला होता. संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने लाँच सोडायची नाही. आणि हँडल तर पेटीला दोरीने बांधून टाकलं होतं, तेही माझ्या स्वागताला.

मी इतकी जपून वागले म्हणून सांगू! पेटीच्या जवळसुद्धा गेले नाही. लांब टोकाला बसले, हात मांडीखाली दाबून. डबा दिला, निरोप घेतला. यावेळी यांनीच पिशवी भरून माझ्या खांद्याला लावली. वर म्हणाले, “सांभाळून ने हं.” मला वाटलं, किती हा जीव लावतात.

घरी आले, पिशवी उघडली. आत हँडल.

म्हटलं, झालं, आता वेडाच्या डॉक्टरकडेच न्यायला हवं मला. बांधलेलं हँडल मी कधी सोडलं? सासूबाईंनी ते हातात घेतलं. त्याला दोरीचा तुकडा होता, गाठ अगदी व्यवस्थित सोडलेली.

“ही गाठ तू सोडलीस?”

“आठवत नाही हो आई. पण दुसरं कोण सोडणार?”

“थांब जरा,” सासूबाई म्हणाल्या. “घाई करू नको. आधी हातपाय धू.”

थांबते कसली! मला दिसत होता तो म्हादू, चिखलात. हँडल पदराखाली घेतलं, तशीच धावत नाक्यावर गेले, रिक्षा केली आणि जेट्टी गाठली.

लाँचच्या फळीवर हे उभे होते. निळा शर्ट, केस विंचरलेले, तोंडाला पावडर. शेजारी इनासकाका. मला बघून काका म्हणाले, “वैनी, तू आलीस व्हय? ह्याला आता तुझ्याकडंच धाडत होतो. म्हटलं, हँडल तिच्याच घरी असनार, जाऊन घेऊन ये. एवढा जातोयस तर जेवून ये, नि पानी भरायच्या आत परत ये.”

मी मोठ्या अभिमानाने हँडल पुढे केलं. “कशाला त्यांना हेलपाटा, काका? मी आणलं ना.”

काकांनी हँडल घेतलं. “बरं झालं पोरी, ह्याचं जानं वाचलं.” आणि आत गेले.

यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नापासून आजपर्यंत तसं कधी बघितलं नाही. मग खाली बघून हळूच म्हणाले, “गाठ मी सोडली होती, शैला.”

परत येताना रिक्षात रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. घरी आले, तर सासूबाईंनी तीन पानं वाढायला घेतली होती. मला एकटीला बघून त्यांनी तिसरं ताट उचललं, पुसलं, फळीवर पालथं घातलं. मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाल्या,

“मी तुला हँडल घरात आणायची सवय लावली गो. परत नेऊन द्यायची कोणी लावली?”